तालुक्याच्या गावी ‘इमर्सिव्ह’ शोरूम थाटताना

फवारणीचे ड्रोन विकणाऱ्या कंपनीला विदर्भात दारव्ह्याला किंवा आर्वीला ‘इमर्सिव्ह’, म्हणजे गिऱ्हाइकाला चित्रांत पार बुडवून टाकणारी, शोरूम थाटायची असेल, तर पहिलं पथ्य असं, की ड्रॉइंग पुण्यात काढावं, आणि तेही जानेवारीत. मे महिन्यात जागा बघायला आलात तर ४५ अंशांत अर्धं डिझाइन एसटी स्टँडवरच गळून पडेल.

गाळा १२ फुटी. समोर एलईडी वॉल हवीच. पी २.५ घ्या, म्हणजे दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटर अंतर. ६४० बाय ४८० मिलिमीटरचे कॅबिनेट, म्हणजे वॉलचे सुटे तुकडे, आडवे पाच, उभे पाच बसतात. झाली ३.२ बाय २.४ मीटरची वॉल, १२८० बाय ९६० ठिपक्यांची. कोटेशनवर बिनदिक्कत ‘फोर-के’ लिहा. याच ठिपक्यांत खरं फोर-के, म्हणजे आडवे ३८४० ठिपके, बसवायला साडेएकतीस फूट रुंदी लागते, म्हणजे शेजारचा झेरॉक्सवाला आणि त्यापलीकडचं सलून पाडावं लागेल; ते दुसऱ्या टप्प्यात बघू. पी २.५ साधारण अडीच मीटरवरून नीट दिसतं. म्हणून काउंटर चार फुटांवर ठेवा, गिऱ्हाइकाला ठिपके मोजता येतात.

एसीचा हिशेब माणसं मोजून करा, वॉल मोजून नको. पूर्ण पांढऱ्या चित्राला चौरस मीटरमागे ६०० वॅट धरले तरी साडेचार किलोवॅट होतात, आणि त्यांची शेवटी उष्णताच होते. एक टनाचा एसी साडेतीनच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तो दमला की कूलर आणा आणि ताट्यांतली ओली हवा नेमकी कॅबिनेटच्या पाठीवर सोडा. कनेक्टर हिरवे पडले की माल खराब होता म्हणायचं.

अर्थिंगवर खर्च करू नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा सुकतो, रोध वाढतो. मीठ-कोळसा भरून वरून पाणी घालत राहायचं काम पुण्याच्या ड्रॉइंगमध्ये कुणी दाखवत नाही. व्होल्टेज सांभाळणारा सर्वो स्टॅबिलायझरही नको. रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं, डीपीवरच्या मोटरी एकदम लागल्या, की व्होल्टेज बसतं आणि वॉल आपोआप लुकलुकते. वेगळं लायटिंग कशाला?

फरशी पांढरीशुभ्र हवी. पावसाळ्यात एकेका चपलेला किती काळी माती चिकटते, हे ज्याने वावर पाहिलं नाही त्यानेच रंग निवडावा.

टच टेबल मात्र विचार करून घ्या. कापूस वेचून राठ झालेल्या बोटांना मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह टच दाद देत नाही. कास्तकार तीनदा दाबतो, मग मुठीने ठोकतो. इन्फ्रारेड फ्रेम, म्हणजे काचेवरचे अदृश्य किरण अडले की स्पर्श झाला समजणारी, घेतली तर बोट चालतं, पण पाखरूही चालतं. जुलैत संध्याकाळी दिवे लागले की नाकतोडा टेबलावर बसतो आणि दहा लिटर टाकीचं मॉडेल निवडून पुढच्या पानावर जातो. एवढं उत्साही गिऱ्हाईक दिवसभरात दुसरं येत नाही.

आभासी जग दाखवणारा व्हीआर चष्मा दुपट्ट्यावरूनच चढवा. सेकंदाला ९० चित्रं द्यायचा कॉम्प्युटर महाग पडतो. निम्म्यावर भागवा आणि गिऱ्हाइकाला गरगरलं तर म्हणून शेजारी बादली ठेवा.

एवढं सगळं बघून झाल्यावर एखादा म्हातारा विचारेलच, “पंखी मोडली तं इथंच भेटन का नागपूरले जा लागन?” पंख्या, नोझल, बॅटऱ्या ठेवायचं तीन फुटी कपाट तुम्ही पहिल्याच मीटिंगमध्ये काढून टाकलेलं असणार, भिंतीची शोभा जाते म्हणून. आजोबांना क्यूआर कोड दाखवा. तो नेमका रेंज नसलेल्या कोपऱ्यात चिकटवलेला असावा.