एरंडेलाच्या पट्टीने बंद नळी उघडत नाही

"बंद ट्यूब तीन महिन्यांत उघडा, पोटावर एरंडेल तेलाची पट्टी आणि लसणाचा काढा, लॅप्रोस्कोपी नको, टेस्ट ट्यूब बेबी नको" हा मेसेज परत फिरायला लागलाय. ट्यूब म्हणजे अंडं गर्भपिशवीकडे नेणारी गर्भनळी. पाठवणाऱ्या मावश्या-काकूंचा हेतू चांगलाच असतो, पण जिच्या हातात पडतो तिचे महिने वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"तेल झिरपून नळीतला कचरा विरघळतो." कचरा नसतोच हो तिथे! नळी १०-१२ सेंटीमीटर लांब, पिशवीजवळ तिचं भोक जेमतेम १ मिलिमीटरचं, आत अंडं पुढे सरकवणारं नाजूक अस्तर. क्लॅमिडियासारखं इन्फेक्शन, फुटलेलं अपेंडिक्स, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) आणि आपल्याकडे तर पिशवीचा टीबी, यांनी ते अस्तर खराब होतं, भिंती एकमेकींना चिकटतात. पोटावरचं तेल तिथवर पोचत नाही. टीबीत तर कित्येकदा खोकला नाही, ताप नाही, बाईला पत्ताच नसतो, आणि काढा पिण्यात महिने गेले की आजार आत वाढतच राहतो.

"रिपोर्टमध्ये दोन्ही ब्लॉक होत्या, काढ्याने दिवस गेले." हे घडलेलं असू शकतं, पण कारण वेगळं. एचएसजीत, म्हणजे नळ्या बघायच्या एक्स-रे टेस्टमध्ये, पिशवीच्या तोंडातून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडतात, स्क्रीनवर आधी पिशवीचा त्रिकोण दिसतो, मग दोन कोपऱ्यांतून धाग्यासारख्या नळ्या, मग टोकाला डाय पोटात सांडतो. त्या वेळी दुखून नळीचं तोंड आकसलं की डाय कोपऱ्यातच अडतो आणि रिपोर्टवर ब्लॉक येतं, नळी मात्र उघडी असते. शिवाय टेस्टनेच कधीकधी फायदा होतो. नेदरलँड्समधल्या १,११९ बायकांच्या २०१७ च्या ट्रायलमध्ये तेलातला डाय वापरला तिथे ६ महिन्यांत सुमारे ४० टक्के जणींना दिवस राहिले, पाण्यातल्या डायला २९ टक्के. तेही नळी खराब असण्याचा धोका कमी असलेल्या बायकांमध्ये, आणि ते तेल पिशवीत सोडलेलं, पोटावर चोळलेलं नाही.

"आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) म्हणजे धंदा." लुटणारी सेंटर्स आहेत, मान्य, पण हा उपाय निघालाच बंद नळ्यांसाठी. लेस्ली ब्राउनच्या नळ्या बंद होत्या, तिची लुईस, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला जन्मली. आणि पाण्याने फुगलेली नळी आयव्हीएफआधी काढतात किंवा क्लिप लावतात ते उगाच नाही, ते पाणी पिशवीत उतरलं तर गर्भ रुजण्याचा चान्स बराच कमी होतो.

आता ज्या वाक्याचा मला खरंच राग येतो ते, "नळी उघडताना एका बाजूला दुखतं, थोडं रक्त जातं, घाबरू नका." अहो, हीच लक्षणं नळीत गर्भ राहिल्याची असतात, आणि खराब नळीत तो धोका जास्तच! लवकर कळलं तर बऱ्याच जणींचं मेथोट्रेक्सेट या गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनवर भागतं, नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. पाळी चुकलीय आणि एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जा, आणि पाळी चुकलीय हे तिथे सगळ्यात आधी सांगा.