घाटात अडकलेल्या मारुती ८०० च्या तक्रारीवर गॅरेजकडून उत्तर

भाऊ, नमस्कार. परतवाड्याच्या गॅरेजचा मालक मीच. तुम्ही लिहिलं की आम्ही २५० रुपये घेऊन नुसती क्लच वायर ताणली, आठ दिवसांत चिखलदऱ्याच्या घाटात गाडी अडकली आणि दुसऱ्या मिस्त्रीनं क्लच प्लेटच, म्हणजे इंजिनची ताकद पकडून गिअरबॉक्सकडे देणारी चकती, गेलेली दाखवली. लेकरं सोबत असताना भर पावसात रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा तक्रार होती की रिव्हर्स टाकताना कर्र वाजते आणि पहिला गिअर कडक पडतो. म्हणजे पेडल दाबूनही क्लच पुरता सुटत नव्हता. जुन्या आठशेत आधी वायरच पाहावी लागते, आणि ती ढिली होतीच. ती लावली, रिव्हर्स आवाज न करता पडला. वायर जास्त ताणली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) दाबलेलंच राहतं आणि चांगली प्लेटही घसरते, म्हणून पेडलला वर मोकळा खेळ ठेवलाय का, हे मी स्वतः हातानं दाबून पाहिलं होतं.

घाटात झालं ते याच्या उलट. रेस वाढते, गाडी ओढत नाही, जळका वास येतो. तिथं क्लच सुटत नव्हता असं नाही, तो धरतच नव्हता. आणि इथं माझी चूक आहे. मी गाडी अंजनगाव रोडवर सपाटीला, एकटाच बसून फिरवली. अशानं घसरणारी प्लेट सापडत नाही. इंजिन तापल्यावर चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये थोडी रेस देत क्लच सोडायला हवा होता. प्लेट धरत असेल तर इंजिन दचकून बंद पडतं, घसरत असेल तर चालूच राहतं. दोन मिनिटांचं काम, मी केलं नाही.

आता तुम्ही टाकलेल्या जुन्या प्लेटच्या फोटोबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची आहे. त्या प्लेटची जाडी शिल्लक दिसते, अस्तर धरणारे रिव्हेट अजून आत आहेत, वर उघडे पडलेले नाहीत. पण एक बाजू काळी, ओली, चकाकणारी आहे. ही प्लेट घासून नाही, तेल लागून गेली असं मला वाटतं. तेल येतं ते इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून (तेल अडवणारी रबरी कडी) किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून. सील न बदलता नवी प्लेट बसवली असेल तर तीही अशीच जाईल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली रात्रभर पुठ्ठा ठेवून सकाळी थेंब पाहा.

थेंब दिसला तर घाट चढू नका, गाडी इकडे आणा. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी घेणार नाही, फक्त सीलचे पैसे द्या. तुमचे २५० रुपयेही परत देतो. जुनी प्लेट फेकली नसेल तर सोबत आणा, तेल इंजिनचं की गिअरचं हे वासावरून कळेल.