व्हिकर पाहिजे, जुन्यासारखाच पण नवा

समजा, इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातल्या एका खेड्यात तुम्ही चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे गावकरी, आहात आणि तुमचा व्हिकर, म्हणजे गावचा पाद्री, सत्तरी गाठून निवृत्त झाला आहे. तुम्ही म्हणाल, विल्टशरच्या पाद्र्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. ज्याने घरातल्या पोरापोरींसाठी एकदा तरी स्थळे पाहिली आहेत, पत्रिका अडवल्या आहेत, 'कळवतो' म्हणून सांगून कळवलेले नाही, त्याला हे काम उपजत येते. फरक एवढाच की इथे येणाऱ्याला हुंडा मिळत नाही, गळके छप्पर मिळते. आणि नकाराचे कारण पत्रिकेत नव्हे, १६६२ सालच्या एका पुस्तकात सापडते.

सर्वांत आधी जुन्या व्हिकरला संत करून टाका. तो होता तेव्हा त्याचा उपदेश लांबायचा, आवाज घशातच राहायचा, त्याचा कुत्रा कबरींवर हुंदडायचा आणि तो आजाऱ्यांना भेटायला जायचा तेव्हा आजारी माणूस झोपेचे सोंग घ्यायचा. हे सगळे विसरा. निरोपाच्या दिवशी शेरीचा पहिला पेला रिकामा होण्याच्या आत तो 'आमचा शेवटचा खरा व्हिकर' झाला पाहिजे. त्याच्याविरुद्ध बिशपना जी तीन पत्रे गेली होती, ती कुणी लिहिली हे विचारू नका. त्यातले एक तुमच्याच हस्ताक्षरात आहे.

आता पद रिकामे. या काळाला जुनी मंडळी 'इंटररेग्नम' म्हणतात, म्हणजे एक राजा गेला आणि दुसरा अजून गादीवर बसला नाही तो काळ. कारभार दोन चर्चवॉर्डन आणि रूरल डीन, म्हणजे आसपासच्या चर्चवर देखरेख ठेवणारा पाद्री, यांच्याकडे येतो. रविवारच्या उपासनेला आसपासचे निवृत्त पाद्री आळीपाळीने येतात. ते वेळेवर येतात, दहा मिनिटे बोलतात आणि कुठल्याही कमिटीत न बसता घरी जातात. दोन महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की व्हिकरशिवाय चर्च उत्तम चालते. ही गोष्ट बिशपच्या कानावर जाऊ देऊ नका. गेली तर नेमणूक स्थगित होईल आणि तुमचे चर्च शेजारच्या सहा चर्चना जोडले जाईल. मग एकच व्हिकर रविवारी सकाळी सात गावे करत, अंगात झगा आणि हातात गाडीची किल्ली अशा अवस्थेत तुमच्या दारात उभा राहील. तेव्हा चेहरे पडलेले ठेवा. कुणी चौकशी केली तर एक उसासा टाकून 'चाललंय कसंतरी' म्हणा.

मग प्रोफाइल लिहायचे. नेमणुकांचा कायदा १९८६ चा. त्यानुसार पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, कौन्सिलने आपली परिस्थिती, गरजा आणि परंपरा यांचे निवेदन तयार करायचे असते. शब्द तीनच आहेत, पण त्यांत खोटे बोलायला भरपूर जागा आहे.

परिस्थितीत निसर्ग घाला. टेकड्या, ओढा, मनोऱ्यातल्या सहा घंटा, दाराशी यूचे जुने झाड. छताचे शिसे चोरांनी नेले ते लिहू नका, 'इमारतीला प्रेमळ लक्ष हवे आहे' एवढे पुरे. वटवाघळांचाही उल्लेख नको. १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, ती हाकलता येत नाहीत. आणि खरे सांगायचे तर दर रविवारी न चुकता हजर राहणारी मंडळी तीच. राहत्या घराचा फोटो लांबून काढा. ती वेलींनी मढलेली, दहा खोल्यांची ओल्ड रेक्टरी, म्हणजे पाद्र्याचे जुने घर, कधीच विकली गेली आणि आता तिथे लंडनला नोकरी करणारे एक कुटुंब राहते. व्हिकरला मिळते त्याच बागेच्या कोपऱ्यात बांधलेले सत्तरच्या दशकातले विटांचे घर. त्याच्या स्वयंपाकघरातून ओल्ड रेक्टरीचा पोहण्याचा तलाव छान दिसतो.

गरजांमध्ये पहिले वाक्य ठरलेले आहे: 'तरुण कुटुंबांना आकर्षित करू शकेल असा.' हे वाक्य प्रत्येक प्रोफाइलमध्ये असते, जशी आपल्याकडच्या प्रत्येक स्थळात मुलगी 'गृहकृत्यदक्ष' असते. मागच्या ईस्टरला एक तरुण कुटुंब खरोखरच आले होते. पोराच्या हातून खेळण्यातली मोटार बाकाखाली पडली, दगडी फरशीवरून घरंगळत थेट वेदीपर्यंत गेली, आणि अकरा माना एकदम मागे वळल्या. ते कुटुंब आता गावाबाहेरच्या शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या चर्चला जाते. तिथे ड्रम आहेत, पडद्यावर गाणी दिसतात आणि कॉफी बरी असते. प्रोफाइलमध्ये यातले काही नको. तरुण कुटुंबे यावीत, पण शक्यतो पन्नाशीनंतर यावीत, असेही लिहू नका. मनात ठेवा.

पण खरी मेख परंपरेत आहे. तुमचे चर्च 'पारंपरिक' आहे. म्हणजे काय? सकाळी आठ वाजता, न गाता, थंडीत, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातून प्रभुभोजन. हजेरी सात, तीही एकमेकांपासून जास्तीत जास्त लांबच्या बाकांवर. बायबल १६११ चे. २००० साली आलेली नवी उपासना 'नवी' म्हणूनच ओळखली जाते आणि तिला अजून हात लागलेला नाही. 'शांतीचे अभिवादन' नावाचा प्रकार, म्हणजे मध्येच उठून शेजाऱ्याशी हस्तांदोलन करणे, आपल्याकडे नाही. ज्या शेजाऱ्याशी १९९३ पासून कुंपणावरून अबोला आहे, त्याला प्रभूची शांती द्यायला तुमची हरकत नाही, पण ती प्रभूने परस्पर द्यावी.

भिंतीवर रेक्टरांच्या, म्हणजे गावच्या आजवरच्या पाद्र्यांच्या, नावांची पाटी आहे. तेराव्या शतकापासूनची नावे आहेत तिच्यावर. उमेदवाराला ती अभिमानाने दाखवा, फक्त फार वेळ वाचू देऊ नका. १३४९ पाशी एका वर्षात तीन नावे दिसतील. ती प्लेगची कृपा. पुढे १६६२ पाशी एक नाव अचानक तुटलेले दिसेल. तुमचे हे शांत, सनातन, आजोबांसारखे पुस्तक तेव्हा कोरे करकरीत होते आणि सक्तीचे होते. त्या धामधुमीत सुमारे दोन हजार पाळकांची पदे गेली, कारण त्यांना हे नवे पुस्तक जसेच्या तसे मान्य नव्हते. त्यांच्या जागी आलेल्यांना तेव्हाच्या चर्चवॉर्डनांनी काय म्हटले असेल, याची कल्पना तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला येणार?

त्या पुस्तकाची इंग्रजी मात्र सुंदर आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. तिच्यात देवाला 'दाऊ' म्हणतात. तो मुळात जवळिकीचा शब्द, आपल्या 'तू'सारखा. इंग्रजांनी तो रोजच्या बोलण्यातून टाकून दिला आणि फक्त देवासाठी शिल्लक ठेवला, त्यामुळे आता तो त्यांना सगळ्यांत अदबीचा वाटतो. जनाबाईने विठ्ठलाला अरे-तुरे केले म्हणून आपल्याकडे कुणी त्याला 'अहो विठ्ठलराव' म्हणायला लागले नाही. इंग्रजांचे मात्र नेमके तसे झाले. नवा व्हिकर 'दाऊ' सोडून 'यू' म्हणाला तर त्याने देवाचा अपमान केला, असे तिसऱ्या बाकावरचे कर्नलसाहेब तुम्हाला पटवून देतील. तुम्ही मान हलवा.

स्त्री चालेल का, हा प्रश्न येईलच. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये पहिल्या ३२ स्त्रियांना प्रीस्टपदाची दीक्षा मिळाली. २०१५ पासून बिशपही स्त्रिया आहेत. तरीही पॅरिशने रीतसर ठराव केला तर पुरुष पाळकच मागता येतो, तशी तजवीज २०१४ मध्ये करून ठेवली आहे. ठराव करायला कौन्सिलची बैठक बोलवा. हिशेब ठेवणाऱ्या बाई, फुले मांडणाऱ्या बाई, पितळ घासणाऱ्या दोघी, वेदीवरचे कापड इस्त्री करणाऱ्या बाई, चिटणीस बाई आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाई जमल्या की त्यांच्यासमोर कर्नलसाहेबांना सांगू द्या की बायकांच्या कामाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, पण चर्च चालवणे हे त्यांचे काम नव्हे. मिनिट्स चिटणीस बाई लिहितील. चहाही त्याच करतील.

हवा कोण, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असते. सगळ्यांना जॉर्ज हर्बर्ट हवा असतो. केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता, उमराव घराण्यातला, उत्तम कवी, आणि हे सगळे सोडून सॉल्झबरीजवळच्या बेमर्टनसारख्या खेड्यात १६३० साली रेक्टर म्हणून आला. स्वतःच्या पैशाने चर्च दुरुस्त केले! त्याच्या नेमणुकीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्याला घंटा वाजवायला एकट्याला आत सोडले, तो बराच वेळ बाहेरच येईना. मित्राने खिडकीतून डोकावले तर हा वेदीपुढे पालथा पडून प्रार्थना करत होता, असे त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन लिहितो. खेड्यातल्या पाळकाने कसे वागावे याचे पुस्तकही त्याने लिहून ठेवले, आणि तेव्हापासून बिचारे पाळक त्या मापाने मोजले जाताहेत. बेमर्टनला तो किती वर्षे होता? तीनसुद्धा नाही. चाळिशीच्या आत क्षयाने गेला. तुमच्या गावात तो सातव्या वर्षापर्यंत टिकला असता तर त्याच्याविरुद्धही बिशपना पत्र गेले असते. 'कविता फार करतो.'

पेट्रन विसरू नका. व्हिकर सुचवण्याचा हक्क कुणाचा, हे इंग्लंडात आजही गावागणिक वेगळे असते. कुठे बिशप, कुठे राजा, कुठे लॉर्ड चॅन्सेलर, कुठे ऑक्सफर्डचे एखादे कॉलेज, कुठे हवेलीतले लॉर्डसाहेब. हा हक्क एके काळी जमिनीसारखा विकत मिळे. १९८६ च्या कायद्याने विक्री बंद केली, हक्क राहिला. वतनदारी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. लॉर्डसाहेबांना उमेदवाराबद्दल एकच विचारायचे असते: त्याला कुत्रे आवडतात ना? जुन्याचा कुत्रा आठवून तुम्ही गप्प बसा.

'चर्च टाइम्स'मध्ये जाहिरात दिली, तीन अर्ज आले, एकाने प्रोफाइल वाचून माघार घेतली. उरलेले दोघे पाहायला येतात. हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम. पोह्यांच्या जागी काकडीचे सँडविच. उमेदवाराची बायको कशात रस घेते याची सहज चौकशी होईल, म्हणजे लहान मुलांचा रविवारचा वर्ग ती फुकट घेईल का हे पाहिले जाईल. उमेदवाराने चहात दूध आधी घातले की नंतर, यावरही नजर ठेवा. हसू नका. अँग्लिकन, म्हणजे याच इंग्लंडच्या चर्चच्या, मिशनचा चहा काय करू शकतो, हे पुण्याने पाहिले आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्या एका पेल्यापायी ग्रामण्य (जातबहिष्काराचा वाद), शंकराचार्यांचे कमिशन आणि प्रायश्चित्त इथवर गोष्ट गेली. तुमच्या गावात फक्त कुजबुज होईल.

पॅरिशचे दोन प्रतिनिधी असतात आणि त्यांची संमती लागते. त्यातले एक तुम्ही. पहिल्या उमेदवाराला विचारा, 'तुम्ही इथे काय बदलाल?' तो 'काहीच नाही' म्हणाला तर त्याला दृष्टी नाही. दुसऱ्याला तेच विचारा. तो म्हणेल, 'चर्चला शौचालय नाही, ते आधी करीन.' तो गेला. चौदाव्या शतकापासून कुणाला लागली नाही ती आताच का लागावी? शिवाय मागचे दोन बाक हलवल्याशिवाय ते होणार नाही. बाक हलवायला डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, चॅन्सेलर नावाच्या न्यायाधीशाकडून 'फॅकल्टी' नावाची परवानगी काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. हरकत तुमचीच असणार. त्या बाकावर तुमची आजी बसायची.

म्हणून पहिला निवडा. दृष्टी नसलेला माणूस चालतो, तो बाकांना धडकला तरी बाक हलत नाहीत.

आणि मग एका गुरुवारी संध्याकाळी बिशप येतात. चर्च नाताळइतके भरलेले. तरुण कुटुंबेसुद्धा दिसतात, ती उमेदवाराच्या जुन्या पॅरिशमधून निरोप द्यायला आलेली असतात. त्यांचे रडवेले चेहरे पाहून आपण काहीतरी चांगले पटकावले असे वाटायला लागते. ही भावना जपा, आठ दिवस टिकते. बिशप सनद देतात, त्यांचे मदतनीस आर्चडीकन नव्या व्हिकरचा हात धरून दाराच्या जुन्या किल्लीवर ठेवतात, आणि व्हिकर मनोऱ्याखाली जाऊन घंटेचा दोर ओढतो. जितके टोल देईल तितकी वर्षे तो गावात राहणार, अशी जुनी समजूत आहे. इंग्रज माणूस अंधश्रद्धाळू नाही. पण त्या क्षणी अख्खे चर्च ओठ न हलवता मोजत असते.

चार. पाच. सहा. दोर थांबतो.

शेजारच्या बाकावरच्या बाई तुमच्याकडे वाकतात.

"मागच्याने नऊ दिले होते."