मामा, 17 हजारांचा हिशेब असा नसतो

मामांनी काल घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज मला आतापर्यंत तीन ठिकाणांहून आलाय. मजकूर थोडक्यात असा: 2022च्या मध्यावधी निवडणुकीत अ‍ॅरिझोनाचं सरकार पडलं, मतमोजणी मुद्दाम आठवडाभर रेंगाळवली, 17 हजार मतं फेकून दिली आणि बरोबर तेवढ्याच मतांनी गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवार कॅरी लेक हरल्या. मी चँडलरला, फिनिक्सच्या शेजारी राहतो. त्या निवडणुकीत मत दिलंय, म्हणून बोलतो.

‘सरकार पडलं’ हा शब्दाचाच घोळ. आपल्याकडे विधानसभा मुदतीआधी बरखास्त झाली की मध्यावधी. इथे राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मध्यावर येते ती मध्यावधी, तारीख आधीच ठरलेली. पडत कुणाचंच काही नाही.

आता ते 17 हजार. मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, मतपत्रिका केंद्रावरच छापून देतात. त्या वर्षीची पत्रिका 20 इंच लांब, कागद जाड. प्रिंटरला ते झेपलं नाही, छपाई फिकी आली, मोजणीयंत्र पत्रिका परत ओकू लागलं. अशा सुमारे 17 हजार पत्रिका यंत्राखालच्या कुलूपबंद कप्प्यात, ‘तीन नंबरच्या पेटीत’ टाकल्या आणि नंतर मुख्य केंद्रावर मोजल्या. मोजल्या, मामा. पेटी म्हणजे कचऱ्याचा डबा नव्हे! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी मुख्य न्यायाधीश रूथ मॅकग्रेगर यांनी याची चौकशी केली. निष्कर्ष: लांब पत्रिका आणि जाड कागद. आणि हे काम त्यांना दिलं ते काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलांनी, ज्या स्वतः रिपब्लिकन होत्या.

बरं, क्षणभर धरू की ती सगळी मतं खरंच फेकली. फरक होता 17,117 मतांचा. त्या पेटीतली चारातली तीन मतं लेकबाईंची धरली, तरी त्यांची पिछाडी कमी होते फक्त साडेआठ हजारांनी. जिंकायला पेटीतलं एकूण एक मत त्यांचंच हवं, आणि तरीही थोडी कमीच पडतात. सातवीच्या पोराला कळेल असं गणित. शिवाय त्याच पत्रिकेवर खजिनदारपदाला रिपब्लिकन किंबर्ली यी दहा टक्क्यांहून जास्त फरकाने निवडून आल्या. चोराने एकच खण उचकटला म्हणायचा.

मोजणी रेंगाळली, खरं आहे. शेवटच्या दिवशी एकट्या मॅरिकोपात 2 लाख 90 हजारांच्या आसपास लोकांनी पोस्टाची पाकिटं हातोहात आणून टाकली. प्रत्येक पाकिटावरची सही जुळवायची, मगच ते उघडायचं. आमच्या हिने ऑफिसला जाता जाता मंगळवारी टाकलं, मत मोजल्याचा मेसेज शुक्रवारी आला.

एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. जिंकलेल्या डेमोक्रॅट केटी हॉब्ज तेव्हा राज्याच्या निवडणूक खात्याच्याच प्रमुख होत्या आणि बाजूला झाल्या नाहीत. ते शोभलं नाहीच. पण मतं मोजते काउंटी, आणि मॅरिकोपाचा कारभार बघणाऱ्या पाच निवडून आलेल्या पर्यवेक्षकांत तेव्हा चार रिपब्लिकन. लेक कोर्टात गेल्या, 24 डिसेंबरला दावा फेटाळला गेला.

चूक झाली ती पिनाल काउंटीत. पाचेकशे मतं मोजायची राहिली, फेरमोजणीत सापडली, आणि अ‍ॅटर्नी जनरलपदाच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या निवडणुकीतला फरक 511 वरून 280 वर आला. डेमोक्रॅट उमेदवाराचीच आघाडी घटली, तोही उघडपणे जाहीर करून. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

मामा, ग्रुपवर ‘तो मेसेज चुकीचा होता’ एवढं टाका. आणि मामींच्या भिशीच्या ग्रुपवरही. तिथूनच आला होता ना?