सेसिल ॲडम्सची चूक आणि तीन वाट्या

नमस्कार,

‘शिकागो रीडर’ या अमेरिकन वृत्तपत्रातल्या ‘द स्ट्रेट डोप’ सदरात सेसिल ॲडम्स या टोपणनावाने कुणीतरी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं. त्या सदरावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. तुमचे आक्षेप तीन. जो स्वतःचं खरं नाव सांगत नाही त्याच्या उत्तरांवर भरवसा का ठेवायचा? सेसिल म्हणजे सदराचे संपादक एड झॉटीच, हे मी कशाच्या जोरावर ठोकून दिलं? आणि तीन दारांच्या कोड्यात तोंडावर आपटलेल्याने ‘जगातला सर्वांत हुशार माणूस’ म्हणून कशाला मिरवायचं? वर जाताजाता म्हणता, कोडं तर सोपं आहे, दोन दारं उरली की शक्यता निम्मे-निम्मे.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. सदर १९७३ साली सुरू झालं, झॉटी १९७८ पासून त्याचे संपादक. स्वतःला त्यांनी कायम संपादकच म्हणवलं. तेच सेसिल, ही वाचकांची जुनी अटकळ आहे आणि मी ती वस्तुस्थिती म्हणून लिहिली. ते वाक्य बदललंय.

टोपणनावाचं आपल्याला एवढं वावडं कधीपासून? ‘ललित’मधला ठणठणपाळ लोकांनी आवडीने वाचला, तो जयवंत दळवी आहे हे माहीत नसतानाही. पण तिथे थट्टा होती, इथे माहिती आहे, हा तुमचा मुद्दा रास्त. फक्त माहितीच्या बाबतीत नावाने काही सिद्ध होत नाही. उत्तर पडताळता येतं का, एवढंच बघायचं. मागे धावणाऱ्या पट्ट्यावरून विमान उडेल का, हा सदरातला २००६ मधला प्रश्न घ्या. गाडी चाकांनी रस्ता मागे ढकलते, विमानाचं इंजिन हवा मागे ढकलतं. चाकं नुसती मोकळी फिरतात. पट्टा विमानाच्याच वेगाने मागे धावला तर चाकं दुप्पट वेगाने फिरतील आणि विमान उडेल. ‘पट्ट्याचा वेग चाकांच्या वेगाइतका’ असं म्हटलं, की मात्र विमान जरा पुढे सरकताच पट्ट्याला अमर्याद वेग लागतो आणि प्रश्नच कोलमडतो. एका शब्दाचा फरक. तीन दारांतही असंच एक कलम दडलंय.

आता ती चूक. कोडं असं: तीन दारं, एकामागे बक्षीस. तुम्ही एक निवडता. बक्षीस कुठे आहे हे माहीत असलेला सूत्रधार उरलेल्यांपैकी एक रिकामं दार उघडतो. आता निवड बदलावी का? १९९० मध्ये रविवारच्या वर्तमानपत्रांसोबत येणाऱ्या ‘परेड’ या अमेरिकन पुरवणीत स्तंभलेखिका मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी ‘बदला’ असं उत्तर दिलं. सेसिलने ते खोडून काढत निम्मे-निम्मे सांगितलं, म्हणजे अगदी तुमचंच उत्तर. तुम्ही त्याला ज्या चुकीवरून हसताय, तीच तुम्ही करताय.

घरी करून बघा. तीन सारख्या स्टीलच्या वाट्या, एक रुपयाचं नाणं, एक फासा. मदतनीसाने तुमच्या नकळत फासा टाकायचा: १-२ आलं तर नाणं पहिल्या वाटीखाली, ३-४ ला दुसऱ्या, ५-६ ला तिसऱ्या. फासा टाळू नका. मनाने ठेवायला गेलं की माणूस एखाद्या जागेला झुकतो आणि समोरच्याला तो कल कळतो. तुम्ही वाटीवर बोट ठेवा. मदतनीस उरलेल्या दोनांतली रिकामी उचलेल. दोन्ही रिकाम्या असतील तर कुठली उचलायची ते दुसरं नाणं उडवून ठरवायचं. मग दर वेळी वाटी बदला आणि निकाल वहीत मांडा. ६० फेऱ्यांत साधारण ४० वेळा नाणं मिळेल, बहुतेक वेळा ३३ ते ४७ च्या आत.

दहा फेऱ्यांवर थांबू नका. तेवढ्यात बदलूनही पाच किंवा कमी वेळा नाणं मिळण्याची वेळ पाचांतून एकदा येते, आणि माणूस ‘बघा, निम्मेच!’ म्हणून मोकळा होतो.

का, तर पहिलं बोट तीनांतून एकदाच बरोबर पडतं. उरलेल्या दोन वेळा मदतनीसाला पर्यायच नसतो, नाण्याची वाटी सोडून दुसरी उचलावीच लागते, म्हणजे बदललं की नाणं तुमचंच.

आता दुसरा डाव. मदतनीसालाही नाणं कुठे आहे ते कळू देऊ नका, त्याने उरलेल्यांतली कुठलीही वाटी उचलावी. ६० पैकी सुमारे २० फेऱ्यांत नाणंच उघडं पडेल, त्या बाद. राहिलेल्या ४० मध्ये बदलून २० वेळा जिंकाल, २० वेळा हराल. इथे तुमचं निम्मे-निम्मे बरोबर. कलम ते हेच: रिकामं दार जाणून उघडलं की चुकून.

वाचकांची पत्रं आल्यावर सेसिलने चूक कबूल केली, आणि सदराच्या संग्रहात आधीचं चुकीचं उत्तर पुसून न टाकता कबुलीसकट ठेवलंय. बिरुदावली विनोदाने घ्यायची. सेसिलच्या लिहिण्यातला खवचटपणा तुम्हाला रुचत नसेल, तर तो आवडीनिवडीचा प्रश्न.

तुमच्या ६० फेऱ्यांचा हिशोब इथेच खाली टाका. पहिल्या डावात आकडा ३० च्या आसपास आला, तर आधी मदतनीसाला विचारा, उचलताना त्याला नाणं कुठे आहे ते आठवत होतं का.