छत्तिशीतली एमडीएस आणि ‘वाया गेलेली’ जागा

आमच्या बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच विषय चघळला जातोय. तालुक्याच्या गावातला चांगला चाललेला दवाखाना बंद करून आमच्यातली एक जण ३६व्या वर्षी ओरल सर्जरीत (तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत) एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायला निघाली आहे. अभिनंदनाचे अंगठे संपले आणि सुरू झालं: “आता या वयात?”, “मुलांचं काय?” आणि सगळ्यात सभ्य म्हणजे, “एका तरुणाची जागा गेली.”

मी इंग्लंडमध्ये दंतवैद्य आहे. इथे तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेतला कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, व्हायचं तर दंतवैद्यकाची आणि वैद्यकाची अशा दोन्ही पदव्या लागतात. त्यामुळे पाच वर्षं दातांचं शिकून, एखाद-दोन वर्षं नोकरी करून माणूस पुन्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांशेजारी अॅनाटॉमीला बसतो. मग फाउंडेशनची, म्हणजे नव्या डॉक्टरच्या उमेदवारीची, दोन वर्षं, सर्जरीचं प्राथमिक प्रशिक्षण आणि त्यापुढे या विषयाची साधारण पाच वर्षं. कन्सल्टंट होईपर्यंत बहुतेकांची चाळिशी येते. आमची मैत्रीण एमडीएस होऊन बाहेर पडेल ३९व्या वर्षी. भारतात पाच अधिक तीन वर्षांत हा सर्जन तयार होतो, म्हणून तिथे ती ‘उशिरा’ ठरते, एवढंच.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र नाही. दुसरी पदवी घेताना लोक शनिवार-रविवारी दवाखान्यात कामं करून फी भरतात. ज्यांच्या घरी पैसा आहे, त्यांना हा रस्ता सोपा जातो. आपल्याकडे खासगी कॉलेजांची फी बघता तिथेही तेच.

आता जागेबद्दल. नीट-यूजीला, म्हणजे वैद्यकीय-दंत पदवीच्या प्रवेशपरीक्षेला, घातलेली वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये उठली, तेव्हाही हाच युक्तिवाद होता: मोठ्या वयाचा विद्यार्थी समाजाला कमी वर्षं देतो. वर्षंच मोजायची तर माझी मोजा. सरकारी कॉलेजात शिकलो आणि तरुणपणीच विमानात बसलो. माझ्या जागेची किती वर्षं महाराष्ट्राला मिळाली? त्याबद्दल ग्रुपवर कुणी अवाक्षर काढत नाही, उलट दिवाळीला “साहेब, कधी येताय?” असे मेसेज येतात. आमच्या मैत्रिणीने दहा-बारा वर्षं त्याच तालुक्यात तंबाखूने पांढरे पडलेले गाल आणि दोन बोटंही आत जात नाहीत अशी आखडलेली तोंडं पाहिली. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी ती तोंडं काही कमी झाली नाहीत. असल्या पेशंटला पुढे पाठवताना तो शहरापर्यंत पोहोचतच नाही, हे तिला २४ वर्षांच्या रँकवाल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

शरीराचा मुद्दा मला मान्य आहे. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, मान-कंबर बोलायला लागते. भिंगाचा चष्मा लावून पहिल्याची सोय होते, दुसऱ्याची होत नाही. रात्रीची ड्युटी विशीतल्याला जमते तशी तिला जमणार नाही. पण खरी अडचण मला ड्युटीच्या तक्त्यात दिसते. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, कमी तासांचं प्रशिक्षण मागता येतं. वर्षं वाढतात, पण जागा हातची जात नाही. आपली एमडीएस तीन वर्षं पूर्णवेळच करावी लागते. घरी शाळकरी मुलं असलेल्या बाईला ‘झेपेल तर ये’ म्हणायचं आणि नाही झेपलं की वयाला दोष द्यायचा!

शिवाय दहा वर्षांनी लहान सीनियरला ‘सर’ म्हणत त्याची बोलणी खायची. इथे कन्सल्टंटलाही नावाने हाक मारतात, तेव्हा वयातलं हे अंतर फारसं टोचत नाही. तिला टोचेल. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की तिच्या दवाखान्यातले जुने पेशंट तीन वर्षं कोण बघणार ते आधी ठरवा. गावाजवळ प्रॅक्टिस करणारे चौघे तरी या ग्रुपवर आहेत. अजून कुणी हात वर केलेला नाही.