कॅसेटला खोबरेल? अहो, थांबा!

“जुन्या कॅसेटींना बुरशी आलीय? कापसाने खोबरेल फिरवा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, एकदा वाजवून नेटवर चढवा आणि मूळ कॅसेट भंगारात द्या. इतिहास अमर!” हा मेसेज कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून गुहागरच्या आमच्या मामांनी शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे कोकणातल्या शाहिरांच्या सवाल-जवाबी सामन्यांच्या कॅसेटींची पिशवी माळ्यावरून खाली काढली. नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं?

आधी खोबरेल. कॅसेटच्या फितीवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, आवाज त्यात असतो. त्यावर तेल फासलं की धूळ बसते आणि तेच तेल डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राच्या, हेडला, रबरी रोलरला लागतं. मग पुढची धडधाकट कॅसेटही खराब. उन्हात तर कवचच वाकडं होतं. आणि बुरशीची कॅसेट “एकदा वाजवून” बघायची? कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली की ती डेकला लावूच नका. फीत चिकटून तुटते, बुरशी डेकमध्ये पसरते. वेगळ्या पिशवीत घाला, कोरड्या सावलीत ठेवा, जाणकाराला दाखवा. बऱ्या असतील त्यांच्या मागच्या कडेच्या दोन बारीक प्लास्टिक पट्ट्या आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते खाली जात नाही.

“नेटवर चढवा” हे मात्र अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. फीत जन्मभर टिकत नाही. पण अमर? मायस्पेस या सोशल साइटवर जगभरच्या बँडनी गाणी चढवली होती. २०१९ मध्ये कळलं, सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ मधली पाच कोटींहून जास्त गाणी गेली. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाच्या हाती जेमतेम ४ लाख ९० हजार लागली, तीही कुणीतरी आधीच उतरवून ठेवली होती म्हणून. ज्यांनी मूळ टेप भंगारात घातल्या, ते बसले हात चोळत.

शेवटी मेसेजवाला म्हणतो, “तसंही या धांगडधिंग्याला कोण विचारतं?” वॉशिंग्टनची सार्वजनिक लायब्ररी विचारते. आपल्या शहरातल्या पंक रॉक बँडची हँडबिलं, झेरॉक्सवर काढलेली मासिकं, रेकॉर्डिंगं ती २०१४ पासून जपतेय. आपल्याकडे शक्तीवाल्याचा सवाल आणि तुरेवाल्याने उभ्या उभ्या जुळवलेला जवाब शाहिराच्या वहीत नाहीतर या फितीत. आणि कव्हरवर बॉलपेनने लिहिलेलं गाव, शाहीर, साल? नेटवर चढवणारे नेमकं तेच गाळतात. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मग वाजवा.